ट्रॅक्टरचे पाणी जाते कोठे? बारीक गळती शोधण्याची रीत



बैल तहानला की पाण्याच्या टाक्याकडे मान वळवतो. त्याची तहान आपल्याला दिसते. ट्रॅक्टर मात्र तहानेने बोलत नाही. तो गरम होतो, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो.

अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार, अंजनगाव या भागात उन्हाळवाहीच्या दिवसांत ट्रॅक्टर सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नांगराचा भार, वरून ऊन, खालून तापलेली काळी माती. अशा वेळी रेडिएटरमध्ये रोज थोडे थोडे पाणी टाकावे लागत असेल, तर "चालतंच आहे ना, टाकू पाणी" असे म्हणून सोडून देऊ नये. मोठी गळती कोणालाही दिसते. घात करते ती बारीक गळती, कारण ती दिसत नाही आणि रोजची सवय होऊन बसते. ही गळती घरच्या घरी, पायरीपायरीने कशी शोधावी, ते या पत्रकात सांगितले आहे.

(ज्यांच्या ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे आहे, त्यांना रेडिएटरच नसतो. हे पत्रक पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे.)

थोडे पाणी गेले तर एवढे काय बिघडते?

इंजिनात डिझेल जळते. त्यातली काही उष्णता काम करते, काही धुराबरोबर जाते आणि उरलेली पाण्याला बाहेर वाहून न्यावी लागते. वॉटर पंप पाणी इंजिनाच्या अंगातून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने परत इंजिनात जाते.

यात रेडिएटरच्या झाकणाचे काम फार मोठे आहे. ते नुसते बूच नाही. त्याला स्प्रिंग असते आणि ते आतला दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यातले पाणी साधारण १०० अंशांना उकळते. झाकणाने ०.५ किलोचा दाब धरला तर तेच पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. ०.९ किलोचे झाकण असेल तर ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचा आकडा बहुधा झाकणावरच कोरलेला असतो.

आता मर्म लक्षात घ्या. बारीक भोकातून नुसते पाणी जात नाही, दाबही जातो. दाब गेला की पाणी लवकर उकळते. उकळले की वाफ होते, वाफेवाटे आणखी पाणी जाते. म्हणून सकाळी थेंबथेंब वाटणारी गळती दुपारी नांगराच्या भाराखाली एकदम उकळीचे रूप घेते.

दुसरी गोष्ट त्याहून धोक्याची. पाणी कमी झाले की आधी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, कोरडा पडतो. तापमान दाखवणारा काटा ज्या पुर्ज्यावरून चालतो तो पुर्जा पाण्यात बुडालेला असला तरच काटा खरे सांगतो. पाणी त्याच्या खाली गेले तर काटा कमीच दाखवू शकतो. म्हणून "काटा तर खालीच होता" या भरवशावर राहू नये. हेड वाकणे, गॅस्केट जळणे, पिस्टन धरणे हे सगळे मृगाच्या तोंडावर झाले, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा चुकलेली पेरणी जास्त महाग पडते. शेजाऱ्याच्या वावराची सुपारी घेतली असेल तर त्याचीही पेरणी अडते.

पहिला नियम: गरम झाकणाला हात नाही

पुढचे काहीही करण्याआधी हे घरातल्या सगळ्यांना, सालदाराला आणि ड्रायव्हरलाही सांगून ठेवा. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर, छातीवर येते. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी उघड्या हाताने आरामात धरता आली आणि दाबल्यावर ती मऊ लागली, तरच झाकणावर गोणपाट टाकून ते हळूहळू फिरवावे.

तसेच तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. तापलेल्या तव्यावर पाणी पडावे तसे होऊन हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

तपासणी करताना इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला आणि चाकामागे दगड. इंजिन चालू ठेवून बघणे भागच असेल, तर दुपट्टा, धोतराचा सोगा, पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

पायरी १: गळती आहे की नाही, ते आधी ठरवा

पुष्कळ वेळा गळती नसतेच. रेडिएटर काठोकाठ भरला जातो. पाणी तापले की फुगते. १० लिटर पाणी सकाळच्या गारव्यातून कामाच्या तापमानाला आले की सुमारे पाव लिटरने किंवा थोडे जास्तच वाढते. ही वाढ मावायला जागा नसली की ते पाणी वरच्या बारीक नळीने बाहेर पडते. सांजच्याला पाणी निवते, पातळी खाली दिसते, आपण पुन्हा काठोकाठ भरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला गळती म्हणत नाहीत. ज्या ट्रॅक्टरला बाजूची बाटली नाही, त्याच्या रेडिएटरमध्ये वर दोन बोटे जागा सोडावी. बाटली असेल तर बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवावी.

मग पाच दिवस हिशेब ठेवा. ट्रॅक्टर रोज एकाच सपाट जागी उभा करावा. रोज सकाळी, इंजिन गार असताना, चालू करण्याआधी पातळी बघावी. पाणी टाकायचे ते मापाने, अर्ध्या लिटरच्या मापाने टाकावे. वहीत चार गोष्टी लिहाव्या: तारीख, तासाच्या मीटरचा आकडा, किती पाणी टाकले आणि काम कोणते होते. मुलाची जुनी वही पुरते.

या वहीतून पुष्कळ कळते. फक्त नांगरणीच्या दिवशी पाणी कमी होते आणि ट्रॉलीच्या दिवशी होत नाही, तर गळती दाबाखाली उघडणारी आहे. ट्रॅक्टर दोन दिवस नुसता उभा असतानाही पातळी उतरली, तर ती गार इंजिनातही चालू असलेली गळती आहे. आणि पाणी जाते पण बाहेर कोठे थेंबही नाही, तर आतल्या गळतीचा संशय घ्यावा. तिची गोष्ट पुढे येते.

पायरी २: आधी धुवा, मग बघा

इंजिनावर धूळ, ऑइल आणि कुटार यांचा थर असेल तर ताजा ओलावा दिसत नाही. म्हणून इंजिन गार असताना धुऊन घ्यावे. डायनामो, सेल्फ आणि हवेच्या फिल्टरचे तोंड यांवर पाणी मारू नये. रेडिएटरची जाळी धुताना पाण्याचा जोर कमी ठेवावा आणि पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मारावे, म्हणजे अडकलेले कुटार, सोयाबीनचा भुसा, कपाशीचा कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. जोराच्या धारेने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. मग ट्रॅक्टर पूर्ण सुकू द्यावा.

रात्री ट्रॅक्टरखाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरावे आणि पुढच्या चाकाजवळ खूण करावी. सकाळी डाग कोठे पडला ते बघावे. डाग हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल तर ते कूलंट. काळा व चिकट असेल तर इंजिन ऑइल. वासावरून डिझेल ओळखता येते. पण एक गोष्ट करू नये: बोट लावून जिभेवर चव घेऊ नये. कूलंट विषारी असते.

पायरी ३: वरून खाली, पुढून मागे

पाणी जेथून निघते तेथेच टपकत नाही. ते खाली ओघळते, आणि पंख्याचा वारा ते मागे उडवतो. म्हणून जमिनीवरचा डाग ही सुरुवात समजावी, शेवट नव्हे. बॅटरी लावून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी.

बारीक गळतीचे पाणी गरम लोखंडावर लगेच वाळून जाते, पण खूण मागे ठेवते. पांढरा खार, हिरवट पापुद्रा किंवा तांबूस ओघळ. भिंतीला ओल आली की लोणा फुटतो तसाच हा प्रकार. अशी खूण दिसली की पुसून टाका, त्यावर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर कोरडीच भुरभुरा, इंजिन पंधरा मिनिटे चालवा आणि बंद करून बघा. जेथे पूड ओली होऊन रेघ उमटेल तेथे गळती. पंख्याच्या वाऱ्यात पूड उडते, म्हणून हा प्रयोग आडोशाच्या जागी जमतो.

तपासणी तीन वेळांना करावी: सकाळी गार असताना, कामानंतर इंजिन बंद केल्याबरोबर, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. काही गळती फक्त दाबाखाली दिसते. काही उलट असते. पौष-माघाच्या थंडीत रबर आकसते, क्लिपखाली फट पडते आणि पाणी झिरपते. इंजिन तापले की रबर फुगून फट बंद होते. अशी गळती दुपारी शोधणारा हात हलवत परत येतो.

कोठे कोठे बघावे?

झाकण आणि त्याचे तोंड: झाकणाखालचे रबर कडक, चिरलेले किंवा दबलेले आहे काय? स्प्रिंग गंजली काय? रेडिएटरच्या तोंडाची कड वाकली काय? झाकण खराब असेल तर त्याच आकड्याचे नवीन आणावे. "बसते ना" म्हणून दुसऱ्या गाडीचे लावू नये. कमी दाबाचे लावले तर पाणी लवकर उकळते, जास्त दाबाचे लावले तर जुन्या नळ्या फुटतात. सगळ्यांत स्वस्त पुर्जा हाच, म्हणून सुरुवात येथून.

रबरी नळ्या: वरची, खालची आणि असेल तर मधली आखूड नळी. गार असताना दाबून बघा. कडक होऊन करकरली, फुगली, मऊ पडली किंवा चिरा दिसल्या तर बदला. क्लिपच्या मागची बाजू आरशाच्या तुकड्याने बघा. क्लिप गरजेपुरतीच आवळावी. फार आवळली तर ती रबर कापते.

रेडिएटर: वरच्या व खालच्या टाकीचे जोड आणि बाजूच्या पट्ट्या बघा. खालचे रबरी गादीचे तुकडे झिजले असतील तर प्रत्येक धक्क्याबरोबर जोड हलतो आणि डाग दिलेली जागा पुन्हा उघडते. गादी न बदलता नुसता डाग देणे म्हणजे फुटक्या बांधावर माती टाकणे.

वॉटर पंप: पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक असते. ते मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तेथून बाहेर येते आणि आपल्याला इशारा मिळतो. हे भोक बुजवू नये. बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते. तेथे थेंब दिसला, किंवा इंजिन बंद असताना पंखा धरून हलवल्यावर तो खटखट हलला, तर पंप उघडण्याची वेळ झाली. पट्टा फार ताणला असेल तर पंपाचे बेअरिंग लवकर जाते, म्हणून पट्टाही बघावा.

थर्मोस्टॅटचे घर, तापमानाच्या काट्याचा पुर्जा आणि पाणी सोडण्याची तोटी: या तिन्ही जोडांभोवती खार साचला आहे काय ते बघा.

इंजिनाच्या अंगावरच्या बुच्या: ब्लॉकवर वाटोळ्या पत्र्याच्या बुच्या ठोकलेल्या असतात. खाऱ्या पाण्याने त्या आतून सडतात. बुचीभोवती तांबूस ओघळ दिसला तर समजावे की आतून भोक पडत आले आहे.

बाहेर सापडले नाही तर: दाबाची परीक्षा

एवढे करूनही जागा सापडली नाही, तर मिस्त्रीकडे दाब देण्याचा हातपंप असतो, तो लावायला सांगावे. गार इंजिनावर झाकणाच्या जागी हा पंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याएवढाच दाब द्यायचा. त्याहून जास्त नाही. मग पंधरा मिनिटे काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर थेंब आला, तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळे कोरडे, तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे.

आतल्या गळतीच्या खुणा अशा:

१. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे किंवा लोण्यासारखे दिसते, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढते. (थंडीत थोडा वेळच इंजिन चालवले तर ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस धरतो. तेवढ्यावरून घाबरू नये. डिपस्टिकवरचे ऑइल बघावे.)

२. इंजिन रात्रभर उभे राहिल्यावर पाणी चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी चालू न करता चेंबरचा बोल्ट अगदी थोडा सैल केला आणि ऑइलच्या आधी पाण्याचे थेंब आले, तर शंका उरत नाही.

३. गार इंजिन झाकण काढून चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरची नळी कडक झाली, तर हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात येत आहे.

४. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. हिवाळ्यात सकाळी थोडा वेळ वाफ दिसणे वेगळे.

यांतली पहिली किंवा दुसरी खूण दिसली, तर ट्रॅक्टर त्याच जागी बंद ठेवावा. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. "एवढी दोन एकर उरकून घेऊ" म्हणून चालवला, तर क्रँकपर्यंत काम जाते.

हळद, साबण आणि इतर घरगुती इलाज

रेडिएटरमध्ये हळद, पीठ, अंड्याचा पांढरा बलक टाकण्याची चाल जुनी आहे. गळती त्याने थोडा वेळ थांबतेही. पण जी पूड भोक बुजवते तीच पूड रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. मग गळती नसतानाही इंजिन तापू लागते. तसेच "इंजिन गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाका" हा सल्लाही मानू नये. थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड चालते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. खराब असेल तर बदलावा, काढून फेकू नये.

कोणते पाणी टाकावे?

आपल्या भागात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला विहिरीचे व बोअरचे पाणी खारे आहे. हे पाणी पिकाला मानवत नाही, तसेच इंजिनालाही मानवत नाही. क्षार लोखंड आणि पितळ खातात, आणि आत थर धरतो. सातपुड्याच्या पायथ्याला, अचलपूर-परतवाड्याकडे, पाणी गोड लागते. पण गोड पाणी म्हणजे क्षार नसलेले पाणी नव्हे. घरी ज्या भांड्यात पाणी तापवता त्याच्या बुडाशी पांढरा थर धरत असेल, तर तोच थर इंजिनातही धरतो. हा थर उष्णता अडवतो.

म्हणून रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात टाकावे. पुष्कळ ट्रॅक्टरांना निम्मे-निम्मे सांगितलेले असते. तयार मिसळलेले कूलंट आणले असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नये. डिस्टिल्ड मिळाले नाही तर पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन स्वच्छ टिनाच्या छपरावरून धरलेले, कपड्याने गाळलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी बरे. कूलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी असते, हा समज चूक आहे. ते गंज रोखते, उकळण्याचा बिंदू वाढवते आणि लायनरला बाहेरून पडणारी बारीक भोकेही रोखते. गळती शोधायला त्याचा रंग उपयोगी पडतो तो वेगळाच.

वावरात अडचण आली आणि खारे पाणी टाकावेच लागले, तर काम आटोपल्यावर ते सोडून, आत धुऊन, चांगले पाणी व कूलंट भरावे.

ढोरांची आणि लेकरांची काळजी

कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर लागते, म्हणून कुत्री, वासरे ते चाटतात. थोडेसे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून मिस्त्रीकडे द्यावे. थंड पेयाच्या बाटलीत तर कधीही ठेवू नये. जनावराने चाटले तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात, आणि लेकराच्या पोटात गेले तर त्याच घडीला रुग्णालयात न्यावे.

वावरातच इंजिन तापले तर

नांगर उचला, ट्रॅक्टर सावलीला घ्या. पाणी शाबूत असेल, वाफ येत नसेल तर इंजिन दोन-चार मिनिटे हळू चालू ठेवा, म्हणजे उष्णता सारखी पसरते. वाफ येत असेल किंवा पाणी निघून गेले असेल तर ताबडतोब बंद करा. झाकण उघडू नका. डबा आणायला माणूस पाठवा, तोवर इंजिन निवू द्या.

थोडक्यात

रोज सकाळी गार असताना पातळी बघा. पाच दिवस हिशेब ठेवा. धुवा, सुकवा, वरून खाली बघा. झाकणापासून सुरुवात करा. बाहेर कोरडे असेल तर दाब देऊन बघा. ऑइल दुधाळ दिसले तर ट्रॅक्टर हलवू नका. हे काम चैत्रात, नांगरट सुरू होण्याआधी करावे. रोहिणी लागल्यावर मिस्त्रीच्या दारात रांग लागते, आणि ढग कोणासाठी थांबत नाहीत.